वाया न गेलेली सात वर्षे

६ जून १९९६ रोजी स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरात गाण्यांची एक तबकडी प्रसिद्ध झाली. तिच्या फक्त एक हजार प्रती छापल्या होत्या. ती काढणारी संस्था कोणी बडी कंपनी नव्हती. एका कॉलेजातल्या वर्गाचा तो वर्षभराचा प्रकल्प होता. बँड जेमतेम पाच-सहा महिन्यांचा होता. त्यातली गाणी लिहिणारा तरुण सत्तावीस वर्षांचा होता आणि त्याआधीची सुमारे सात वर्षे त्याने आजारपणात, नोकरीशिवाय, शिक्षण अर्धवट टाकून काढली होती.

बँडचे नाव 'बेल अँड सेबॅस्टियन', तबकडीचे नाव 'टायगरमिल्क' आणि त्या तरुणाचे नाव स्टुअर्ट मर्डॉक. पाश्चात्त्य संगीतात 'इंडी पॉप' नावाचा एक प्रकार आहे. इंडी म्हणजे इंडिपेंडंट, बड्या कंपन्यांच्या आधाराशिवाय छोट्या संस्थांतून निघालेले संगीत. या प्रकारातल्या पहिल्या तबकड्यांची चर्चा निघाली की 'टायगरमिल्क'चे नाव आजही आदराने घेतले जाते.

वाचकहो, संगीत ऐकावे की नाही, किती ऐकावे, याबद्दल आपल्या घराघरांत वेगवेगळी मते आहेत. ज्याने त्याने आपल्या घरापुरते ते ठरवावे. आम्हा शिक्षकांचे लक्ष या गोष्टीत दुसरीकडेच गेले. दरवर्षी निकालाच्या दिवसांत पालक शाळेत येतात आणि एक वाक्य हमखास ऐकू येते, 'सर, मुलाचे वर्ष वाया गेले.' कावीळ झाली, टायफॉइड झाला, अपघात झाला, घरात कोणी गेले आणि वर्ष गेले. एका वर्षासाठी अम्मीचा चेहरा उतरलेला असतो, अब्बा गप्प असतात. मग ज्याची सात वर्षे गेली त्याचे काय? ती खरोखर वाया गेली का? आणि गेली नसतील तर त्याचे श्रेय कोणाला? त्याच्या हुशारीला, नशिबाला की आणखी कशाला? ही गोष्ट सांगण्याचे कारण एवढेच.

न दिसणारा आजार

मर्डॉकचा जन्म १९६८ चा. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एर या गावात तो वाढला आणि शिकायला ग्लासगोच्या विद्यापीठात आला. गाण्यांचे वेड होतेच, विद्यार्थ्यांच्या कार्यक्रमांत तबकड्या लावण्याचे कामही तो करी. धावण्याचीही आवड होती. अंगात बळ असलेला, चारचौघांत मिसळणारा हा मुलगा वयाच्या विशीत अचानक खचला. थकवा आला आणि तो जाईना.

या आजाराला वैद्यकीय भाषेत मायाल्जिक एन्सेफेलोमायलायटिस, थोडक्यात एमई म्हणतात. क्रॉनिक फटीग सिंड्रोम असेही त्याचे एक नाव आहे. यातला थकवा आपल्या रोजच्या थकव्यासारखा नसतो. रात्रभर झोपून तो उतरत नाही. आज थोडे जास्त चालले, जास्त वाचले, जास्त बोलले तर उद्या-परवा माणूस पार अंथरुणाला खिळतो. अंग दुखते, झोप लागली तरी ताजेतवाने वाटत नाही, लक्ष एकाग्र होत नाही. आणि सर्वांत मोठी अडचण अशी, की रक्ताच्या कोणत्याही एका तपासणीत हा आजार सापडत नाही. रिपोर्ट नॉर्मल येतात.

रिपोर्ट नॉर्मल आणि माणूस अंथरुणात. मग लोक काय म्हणतात हे सांगायला नको. जागतिक आरोग्य संघटनेने १९६९ पासूनच या आजाराची नोंद मज्जासंस्थेच्या आजारांत केली होती. तरीही १९८० च्या दशकात ब्रिटनच्या वर्तमानपत्रांनी त्याची टर उडवली, त्याला श्रीमंत तरुणांचा फ्लू म्हटले. आळस, ढोंग, मनाचे खेळ ही विशेषणे रुग्णांच्या वाट्याला आली. मर्डॉक आजारी पडला तो नेमका याच काळात.

शिक्षण सुटले. तो आईवडिलांच्या घरी परतला. मित्र पुढे गेले, त्यांच्या पदव्या झाल्या, नोकऱ्या लागल्या. हा घरात. थोडे बसवेल तेव्हा तो पियानोपुढे बसे, लहानपणी पियानो शिकलेला होताच. त्यातून हळूहळू सूर जुळत गेले आणि शब्द येऊ लागले. आजारी पडण्याआधी तो इतरांची गाणी वाजवणारा होता, आजारपणात तो स्वतःची गाणी लिहिणारा झाला. पुढे थंडीपासून सुटका म्हणून तो एका मित्राबरोबर अमेरिकेत कॅलिफोर्नियाला गेला. तिथल्या उन्हात थोडी उभारी आली आणि चार लोकांसमोर आपली गाणी म्हणून दाखवण्याचे धैर्यही आले.

इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. आजार माणसाला मोठा करतो, असे आम्हाला मुळीच म्हणायचे नाही. आजार हिरावून घेतो. एमई झालेले हजारो लोक गाणी लिहीत नाहीत, ते फक्त सोसतात. मर्डॉकला जे साधले ते आजारामुळे साधले असे नाही. आजारपणातही त्याच्यासाठी काही दारे उघडी राहिली, त्यामुळे साधले. ती दारे कोणती, ते आता पाहू.

हॉलच्या वरची खोली

पहिले दार आईवडिलांच्या घराचे. ते आपण पाहिलेच.

दुसरे दार एका चर्चचे. ग्लासगोच्या पश्चिम भागात हिंडलंड नावाची वस्ती आहे. बरे वाटू लागल्यावर मर्डॉक तिथल्या चर्चमध्ये जाऊ लागला, तिथल्या गायकवृंदात गाऊ लागला. चर्चच्या मालकीचा एक हॉल होता. मुलांचे कार्यक्रम, वस्तीतल्या बैठका, छोटे समारंभ तिथे होत. त्या हॉलची देखभाल करायला माणूस हवा होता. हॉल उघडणे, बंद करणे, खुर्च्या मांडणे, झाडलोट करणे. मर्डॉकने ते काम धरले आणि हॉलच्या वरच्या खोल्यांत तो राहू लागला. बँड जगभर गाजल्यानंतरही, २००३ पर्यंत, त्याने ते काम सोडले नाही.

ज्याची तब्येत धड नाही, पदवी नाही, कामाचा अनुभव नाही, त्याला नोकरी कोण देणार? पण डोक्यावर छप्पर आणि झेपेल एवढे काम एवढ्याने माणूस उभा राहू शकतो. आपल्याकडेही मशिदीच्या, मदरशाच्या, जमातखान्याच्या आधाराने उभे राहिलेले लोक आपण पाहिले आहेत. अशा जागा पगार फार देत नाहीत. पण माणसाला दिवसाची एक शिस्त देतात, चार लोकांत असण्याचे कारण देतात आणि 'तू आमचा आहेस' हे न बोलता सांगतात.

बेकारांचा वर्ग

तिसरे दार सरकारी योजनेचे. १९९० च्या दशकात ग्लासगोत बेकारी मोठी होती. जहाजबांधणीचे कारखाने एकामागून एक बंद पडले होते आणि तरुणांच्या हाताला काम नव्हते. बेकार संगीतकारांसाठी 'बीटबॉक्स' नावाचा एक प्रशिक्षणवर्ग सरकारी पैशातून चालत असे. बेकारभत्ता घेणाऱ्या मुलांनी तिथे यावे, ध्वनिमुद्रणाची यंत्रे शिकावीत, संगीताच्या धंद्याची माहिती घ्यावी, असा हेतू होता.

या वर्गात मर्डॉकची भेट स्टुअर्ट डेव्हिड या दुसऱ्या तरुणाशी झाली. डेव्हिडने पुढे २०१५ मध्ये त्या दिवसांवर 'इन द ऑल-नाइट कॅफे' नावाचे पुस्तक लिहिले. त्यात बीटबॉक्सचे चित्र फार कौतुकाचे नाही. शिकवणे अव्यवस्थित होते आणि मुलांचा बराचसा वेळ वाट पाहण्यात जाई. सरकारी योजना जगात सगळीकडे साधारण सारख्याच असतात, हे वाचून कोणाही मराठी वाचकाला हसू येईल.

पण त्या गबाळ्या वर्गात दोन गोष्टी झाल्या. एक, एकमेकांना अनोळखी असलेली दोन माणसे एका बाकावर आली. दुसरी, मर्डॉकच्या गाण्यांचे नमुन्याचे ध्वनिमुद्रण झाले, ज्याला संगीताच्या धंद्यात 'डेमो' म्हणतात. घरात पियानोवर गुणगुणलेले गाणे आता दुसऱ्याच्या हातात देता येईल अशी वस्तू झाले. या कामात ॲलन रँकिन यांची मदत झाली. हे रँकिन गुरुजी कोण, ते पुढे येईलच.

माणसे जमली

गाणी होती, पण वाजवायला माणसे हवी होती. ती जमवण्यात मर्डॉकने १९९५ ची अखेर आणि १९९६ ची सुरुवात घालवली. डेव्हिडने बास गिटार घेतली.

स्टीव्ही जॅक्सन हा गिटारवादक शहरातल्या एका ठिकाणी नवोदितांच्या गाण्यांचे खुले कार्यक्रम चालवी. तो आधी एका बँडमध्ये होता. पुन्हा नव्या बँडच्या भानगडीत पडायला तो सुरुवातीला राजी नव्हता, पण गाणी ऐकून आला. क्रिस गेडीसने की-बोर्ड सांभाळला. ड्रम वाजवायला रिचर्ड कोलबर्न आला. तो मर्डॉकच्या सोबतच राहत असे आणि शहरातल्या स्टो कॉलेजमध्ये संगीत-व्यवसायाचा अभ्यासक्रम शिकत होता. हा योगायोग पुढे फार उपयोगी पडला.

नव्या वर्षाच्या आदल्या रात्री एका मेळाव्यात मर्डॉकला इझोबेल कॅम्पबेल भेटली. वय एकोणीस, संगीताची विद्यार्थिनी. ती चेलो वाजवत असे. चेलो म्हणजे व्हायोलिनच्या घराण्यातले मोठे वाद्य, जे बसून, दोन गुडघ्यांत धरून वाजवतात. तिचा आवाजही हळुवार होता. मिक कुक हा ट्रम्पेटवादक तेव्हा दुसऱ्या बँडमध्ये होता, तो पाहुणा म्हणून ध्वनिमुद्रणाला आला.

बँडचे नाव फ्रान्समधून आले. सेसिल ओब्री या लेखिकेची 'बेल ए सेबॅस्टियां' ही मालिका १९६५ मध्ये फ्रेंच दूरचित्रवाणीवर लागली होती. डोंगरात राहणारा सेबॅस्टियन नावाचा लहान मुलगा आणि बेल नावाची त्याची मोठी पांढरी कुत्री यांची ती गोष्ट. पुढे तिचे मुलांसाठी पुस्तकही निघाले. मर्डॉकने या दोन नावांवरून एका मुलाची आणि मुलीची स्वतःची छोटी कथा लिहिली होती. ती कथा तबकडीच्या वेष्टनावर छापली गेली आणि तेच नाव बँडला पडले.

यातला कोणीही तेव्हा नावाजलेला नव्हता. कोणी बेकार, कोणी विद्यार्थी, कोणी आधीच्या बँडला कंटाळलेला. सराव कुठे करायचा? चर्चचा हॉल होताच. ज्याच्या हातात किल्ली, त्याचाच बँड.

एका वर्गाचा प्रकल्प

आता स्टो कॉलेजकडे वळू. शिक्षक म्हणून आम्हाला हे प्रकरण विशेष वाटते. हे कॉलेज ग्लासगोत १९३४ मध्ये सुरू झाले. हाताला कसब देणारे, कारागीर घडवणारे कॉलेज, आपल्याकडच्या आयटीआयच्या जवळ जाणारे. त्याला डेव्हिड स्टो यांचे नाव दिले होते. बी.एड.ला शिक्षणाचा इतिहास मन लावून वाचलेल्यांना हे नाव आठवेल. एकोणिसाव्या शतकात ग्लासगोत शिक्षकांना प्रशिक्षण देणारी शाळा उभारणारे हे गृहस्थ. मुलांना मारू नये, खेळाचे मैदान हाही एक वर्गच आहे, असा आग्रह त्यांनी त्या काळात धरला होता.

या कॉलेजात संगीत-व्यवसायाचा अभ्यासक्रम होता. तिथे ॲलन रँकिन शिकवत. ते स्वतः 'असोसिएट्स' या बँडचे सदस्य होते, १९८२ मध्ये त्यांच्या बँडची गाणी ब्रिटनमध्ये गाजली होती. म्हणजे गुरुजी धंदा आतून पाहिलेले. अभ्यासक्रमाचा गाभा साधा होता. विद्यार्थ्यांनी पुस्तकातून धंदा शिकायचा नाही, धंदा करूनच शिकायचा. त्यासाठी कॉलेजने 'इलेक्ट्रिक हनी' नावाची स्वतःची छोटी रेकॉर्ड कंपनी काढली होती. दरवर्षी विद्यार्थ्यांनी शहरातल्या एका होतकरू बँडची निवड करायची. डेमो ऐकायचे, मत द्यायचे. मग स्टुडिओ ठरवणे, खर्चाचा हिशेब, वेष्टनाची छपाई, तबकड्यांची ऑर्डर, दुकानांत माल पोचवणे, वर्तमानपत्रांना आणि रेडिओला कळवणे, सारे मुलांनीच करायचे. दरवर्षी एक छोटी तबकडी, म्हणजे दोन-तीन गाणी, असा रिवाज होता.

त्या वर्षी मर्डॉकच्या गाण्यांचे डेमो वर्गासमोर आले. गाणी पसंत पडली. शिवाय त्याच्याकडे दोन-तीन नव्हे, भरपूर गाणी तयार होती. मग वर्गाने रिवाज मोडला. छोट्या तबकडीऐवजी पूर्ण अल्बम काढायचे ठरले.

या निर्णयात आम्हाला मोठी गोष्ट दिसते. वर्षाच्या चाकोरीत 'एक छोटी तबकडी' असे लिहिलेले असताना, समोर आलेला मुलगा त्या चाकोरीत मावत नाही हे ओळखणे आणि चाकोरी थोडी रुंद करणे, हे शिक्षकाचे खरे काम आहे. कागदोपत्री काम तर एका छोट्या तबकडीने पूर्ण झालेच असते.

तीन दिवस

ध्वनिमुद्रण 'कावा' नावाच्या स्टुडिओत झाले. ग्लासगोतल्या एका जुन्या चर्चच्या इमारतीत हा स्टुडिओ होता. उंच छत, दगडी भिंती, आवाजाला नैसर्गिक घुमारा.

स्टुडिओतले काम कसे चालते, ते थोडक्यात सांगतो. प्रत्येक वाद्यापुढे आणि गायकापुढे वेगळा मायक्रोफोन असतो आणि प्रत्येकाचा आवाज फितीवरच्या वेगळ्या पट्टीवर उतरतो. या पट्टीला ट्रॅक म्हणतात. त्यामुळे ड्रम ठीक वाजला आणि गाणे चुकले, तर गाणे पुन्हा घेता येते, ड्रम तसाच ठेवता येतो. सगळे ट्रॅक जमले की ते एकत्र बसवतात, कोणाचा आवाज वर, कोणाचा खाली, हे ठरवतात. याला मिक्सिंग म्हणतात. स्वयंपाकात सगळे जिन्नस चिरून-भाजून तयार असले, तरी पातेल्यात कोणते किती आणि केव्हा यावरच सालनाची चव ठरते, तसे हे. मग त्या आवाजाच्या खाचा एका मूळ चकतीवर कोरतात, तिच्यावरून धातूचे साचे करतात आणि साच्यात गरम प्लास्टिक दाबून तबकड्या काढतात.

बडे बँड एका अल्बमसाठी महिनोन् महिने स्टुडिओ अडवून बसतात. इथे पैसे कॉलेजचे होते, मोजके. दहा गाण्यांचे ध्वनिमुद्रण तीन दिवसांत उरकले. म्हणून बरेचसे वादन सर्वांनी एकत्र बसून, सरळ वाजवूनच झाले. बँड इतका नवा होता की वादकांची एकमेकांशी पुरती ओळखही झालेली नव्हती. कुठे ताल किंचित डळमळतो, कुठे आवाज कापरा होतो. पण ऐकणाऱ्यांना तेच आवडले. खोलीत समोर बसून कोणी मनातले सांगावे, तसा तो अल्बम वाटतो. गाण्यांत शाळेत त्रास सोसणारी मुलगी आहे, घरात न मावणारी तरुण मुले आहेत, श्रद्धा आणि शंका आहेत. सात वर्षे खिडकीतून जग पाहणाऱ्या माणसाला जे दिसले, ते त्यात आहे.

हे तीन दिवसांत कसे साधले? कारण तयारीला सात वर्षे लागली होती. गाणी स्टुडिओत सुचलेली नव्हती, ती आधीच पुरती शिजली होती. परीक्षेचे तीन तास सगळ्यांना दिसतात, त्यामागचे वर्ष दिसत नाही. तसेच हे.

हजार प्रती

जूनमध्ये तबकडी निघाली. एक हजार प्रती, त्याही फक्त जुन्या पद्धतीच्या काळ्या तबकडीच्या रूपात. तो जमाना सीडीचा होता, पण सीडी निघाली नाही. एक वर्ग, एक प्रकल्प, एक हजार नग. तिथेच गोष्ट संपली असती.

पण गाणी कानोकानी पसरली. बीबीसीच्या रेडिओ वनवर मार्क रॅडक्लिफ यांच्या कार्यक्रमात बँडला स्थान मिळाले. ज्यांना तबकडी मिळाली नाही, त्यांनी मित्राकडून कॅसेटवर भरून घेतली. बँडला मागणी आली, तेव्हा त्यांनी जीपस्टर या लंडनच्या नव्या, छोट्या कंपनीशी करार केला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये दुसरा अल्बम 'इफ यू आर फीलिंग सिनिस्टर' निघाला. आज तो त्यांचा सर्वोत्तम अल्बम मानणारे पुष्कळ आहेत. सारा मार्टिन ही व्हायोलिनवादक याच सुमारास बँडमध्ये आली.

सुरुवातीच्या काळात ही मंडळी मुलाखती देत नसत, फोटो काढू देत नसत. कार्यक्रम कमी आणि तेही ग्रंथालय, चर्च अशा ठिकाणी. तरी ऐकणाऱ्यांचे जाळे वाढत गेले. १९९९ मध्ये ब्रिटनच्या मानाच्या ब्रिट पुरस्कारांत श्रोत्यांच्या मतांवर त्यांना नवोदितांचा पुरस्कार मिळाला, तेव्हा भल्याभल्यांना आश्चर्य वाटले. त्याच वर्षी 'टायगरमिल्क' पुन्हा छापला गेला. तोवर मूळ हजार प्रतींपैकी एखादी बाजारात आली तर तिला शेकडो पौंड मोजले जात होते. जून २०१६ मध्ये वीस वर्षे झाली, तेव्हा लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये त्यांनी पहिल्या दोन अल्बमची गाणी सादर केली.

सगळेच गोड झाले असेही नाही. स्टुअर्ट डेव्हिड २००० मध्ये बाहेर पडला, इझोबेल कॅम्पबेल २००२ मध्ये. एकत्र काम करणाऱ्या तरुणांत जे ताण येतात, ते इथेही आले. मर्डॉकचा आजारही कायमचा गेला नाही, तो अधूनमधून परत डोके वर काढतो. त्याने त्याविषयी उघडपणे बोलायला सुरुवात केली. २०२४ मध्ये त्याची 'नोबडीज एम्पायर' ही कादंबरी आली. आजाराने खचलेला, कॅलिफोर्नियाला जाणारा, गाणी लिहू लागणारा तरुण तिच्यात आहे.

इलेक्ट्रिक हनीचे कामही त्या एका तबकडीवर थांबले नाही. पुढे स्नो पेट्रोल आणि बिफी क्लायरो या नावाने जगभर पोचलेल्या बँडची सुरुवातीची ध्वनिमुद्रणे याच विद्यार्थ्यांनी काढली. २०१३ मध्ये स्टो कॉलेज इतर दोन कॉलेजांत विलीन होऊन ग्लासगो केल्विन कॉलेज झाले. रँकिन गुरुजी जानेवारी २०२३ मध्ये वारले. त्यांच्यावरच्या मृत्युलेखांत त्यांच्या स्वतःच्या गाण्यांबरोबर या वर्गाचाही उल्लेख झाला. शिक्षकाला याहून मोठे प्रमाणपत्र कोणते?

आपल्या घरातले मूल

आता थोडे आपल्याबद्दल. प्रत्येक आजारी मूल गायक, लेखक होणार नाही, व्हायलाही नको. पण आजारपणात गेलेले वर्ष वाया गेले की नाही, हे बऱ्याच अंशी भोवतालच्या मोठ्यांवर ठरते.

मूल महिनोन् महिने थकलेले असेल, तर आधी त्याच्यावर विश्वास ठेवावा. 'नाटक करतो', 'मोबाइलमुळे झाले', 'नजर लागली' एवढ्यावर विषय संपवू नये. थकव्यामागे रक्तक्षय असू शकतो, थायरॉइड असू शकते, क्षयरोग असू शकतो, मनाची उदासी असू शकते. या सगळ्यांवर उपचार आहेत, म्हणून चांगल्या डॉक्टरकडून नीट तपासणी करून घ्यावी. एमई असेल तर मात्र 'चालायला लाव, व्यायाम करायला लाव, म्हणजे सुटेल' हा सल्ला उलटा पडू शकतो. ब्रिटनच्या नाइस या अधिकृत आरोग्य संस्थेने २०२१ मध्ये, ठरावीक वेळापत्रकाने व्यायाम वाढवत नेण्याची पद्धत या रुग्णांना उपचार म्हणून देऊ नये, असे आपल्या मार्गदर्शक सूचनांत म्हटले. झेपेल तेवढेच करणे आणि शक्ती पुरवून वापरणे, हाच मार्ग.

शिक्षणाची दारेही आपल्याला वाटते तितकी बंद नसतात. महाराष्ट्रात सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावी-बारावीची परीक्षा बाहेरून देता येते. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेत एकदा नाव नोंदवले की पाच वर्षांत, आपल्या सोयीने, थोडेथोडे विषय देऊन परीक्षा पूर्ण करता येते. दिवसात दोनच तास बसू शकणाऱ्या मुलासाठी ही मोठी सवलत आहे. अनेक घरांना ती माहीतच नसते. विशेषतः मुलगी आजारी पडली की 'आता बस झाले शिक्षण' म्हणून विषय मिटतो. तो असा मिटू देऊ नका. जवळच्या शाळेत जा, मुख्याध्यापकांना विचारा, पुन्हा विचारा.

आणि ज्यांच्या हातात एखाद्या हॉलची, वाचनालयाची, वर्गाची किल्ली आहे, त्यांच्यासाठीही या गोष्टीत काही आहे. आईवडिलांनी मर्डॉकला घरातून काढले नाही. चर्चने त्याला खोली दिली आणि झेपेल असे काम दिले. एका गबाळ्या सरकारी वर्गाने त्याला एक मित्र दिला. एका कॉलेजने आपला रिवाज मोडून त्याला तीन दिवस दिले. यापैकी कोणीही त्याच्याकडे गुणपत्रिका मागितली नाही. कोणालाही त्यासाठी फार खर्च आला नाही, आणि हा मुलगा पुढे नाव काढील हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. तरीही त्यांनी दार उघडे ठेवले.

आपल्या मोहल्ल्यात असे एखादे मूल असेल. शाळा सुटलेले, खिडकीत बसलेले, पाहुणे आले की आतल्या खोलीत जाणारे. पुढच्या वेळी त्याच्या घरी गेलात तर 'कितवीत आहेस' हे विचारू नका. 'सध्या काय वाचतोस, काय करतोस' असे विचारा आणि उत्तर ऐकायला थोडे थांबा.